दराआधी मुदत बघा
कमी दर दिसला की गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्या, असं एका लेखात म्हटलंय. मुदतीबद्दल मात्र अवाक्षर नाही. 15 वर्षं उरली असताना दर 9 वरून 8.5 टक्के झाला, तर हप्ता जेमतेम 3 टक्क्यांनी उतरतो. तेच कर्ज नव्याने 20 वर्षांवर बसवलं की हप्ता 14 टक्क्यांनी कमी दिसतो, अन् एकूण परतफेड 14 टक्क्यांनीच वाढते! अर्जात उरलेलीच मुदत लिहा. प्रक्रिया शुल्क, घराचं मूल्यांकन, मुदतपूर्व फेडीचा आकार (असल्यास) यांच्या बेरजेला महिन्याच्या बचतीने भागा. तेवढ्या महिन्यांनी खर्च वसूल. त्याआधी सध्याच्या बँकेकडे कर्ज बंद करायच्या रकमेचं पत्र मागा, कधीकधी तेवढ्यानंच दर खाली येतो.