डिझेल पंपाच्या चावीला गॅस लावायचा नसतो

इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या शाफ्टवर गिअर जागेवर धरायला खाचेत एक लहान पोलादी तुकडा बसवतात, त्याला चावी म्हणतात. ऊस हंगामाच्या तोंडावर निपाणी-चिकोडी भागातल्या ट्रॅक्टरवाल्यांत एक मेसेज फिरतोय: “डिझेल पंपाच्या शाफ्टमधली चावी अडकली तर गॅसने लाल करा, छिन्नीने उचकटा, शाफ्टच्या तोंडावर घण घाला. नवी चावी ढिली बसली तर खाचेच्या कडांना पंच मारा. चावी जितकी कडक तितकी चांगली, सगळा जोर तीच झेलते.”

आधी लाल करण्याचं बघू. चावीही पोलाद, शाफ्टही पोलाद. दोन्ही एकत्र तापले की एकत्रच फुगतात, मग पकड सुटणार कशी? पोलादावर निळसर रंग चढतो तो ३०० अंशांच्या आसपास, आणि तिथेच शाफ्टचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरायला लागलेलं असतं. लाल व्हायला त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. मागे लगेच ऑइल सील. साधं नायट्राइल रबर १२० अंशांपुढे टिकत नाही. शिवाय डिझेलने माखलेल्या पंपाजवळ ज्योत नेणं हा निव्वळ वेडेपणा. खानापूरकडच्या पावसात गंजलेली चावी असली, तरी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा.

छिन्नी घेण्याआधी चावीचा आकार बघा. डिझेल पंपात बहुतेक वेळा अर्धचंद्री चावी असते आणि तिची खाच तळाला गोल असते. म्हणून ती उचकटायची नसते, झुलवायची असते. शाफ्टखाली लाकडी ठोकळा द्या, म्हणजे घाव बेअरिंगवर जाणार नाही. चावीच्या एका टोकावर पितळी पंच ठेवून हलक्या हातोडीने खाली ठोका. दुसरं टोक वर येतं. ते कटरच्या जबड्यात धरून ओढा. पंप इंजिनवरच असेल तर आधी खालच्या फटीत स्वच्छ फडकं कोंबा. निसटलेली चावी टायमिंग केसमध्ये, म्हणजे इंजिनच्या गिअरच्या पेटीत, पडली, तर पाच मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

चपटी चावी मात्र झुलत नाही. कटरने एका टोकाला धरून, शाफ्टवर पत्र्याची पट्टी ठेवून, तिच्या आधाराने वर उचला. धरायलाच जागा नसेल आणि चावी ८ मिमी रुंद असेल, तर मधोमध ३.३ मिमीचं भोक पाडून आटे पाडायचा ४ मिमीचा टॅप फिरवा. भोक चावीपुरतंच, शाफ्टमध्ये नको. त्यात बोल्ट आवळला की तो खाचेच्या तळाला टेकतो आणि चावी वर ढकलली जाते.

घणाबद्दल एवढंच: चावी वर निघते, पुढे नाही. घावाने फक्त आटे पसरतात आणि बेअरिंगला खड्डे पडतात.

पंच मारून कडा फुगवल्या की निमुळत्या शाफ्टवर गिअर त्या उंचवट्यांवरच टेकतो, पूर्ण बसत नाही. उठलेल्या कडा बारीक कानसेने साफ करा. खाच खरंच रुंदावली असेल तर शाफ्ट बदला, किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपमधून पायरीची चावी (शाफ्टच्या खाचेत रुंद, गिअरच्या खाचेत अरुंद) बनवून घ्या.

आणि जोर? निमुळत्या शाफ्टवर तो मुख्यतः नट आवळल्याने आलेली पकड झेलते. चावी टायमिंग, म्हणजे डिझेल सोडण्याची नेमकी वेळ, राखते. जुनं ड्रिल घासून केलेली कडक, ठिसूळ चावी तडकते, किंवा शाफ्टची खाच खाते. साध्या की-स्टीलची घ्या. गिअर चढवल्यावर चावीच्या डोक्यावर किंचित फट राहिली पाहिजे. ती वर टेकली तर गिअर तिरका बसतो, आणि नट कितीही आवळला तरी ढिला होतो.