केव्हाही या

गेल्या दिवाळीत बायकोने नैनितालच्या तळ्याकाठच्या एका रिसॉर्टचे कूपन घेतले. तीन रात्री, चार दिवस, नाश्ता त्यांचा, मुदत वर्षभराची, आणि वर ठळक अक्षरांत ‘बाराही महिने, केव्हाही या’. ‘केव्हाही या’चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. नकोशा माणसाला निरोप देताना आपणही हेच म्हणतो.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. बाबांनी पहिल्याच दिवशी विषय मिटवला होता. ‘तळंच बघायचंय ना? मये आहे की. स्कूटरवर दहा मिनिटं.’ मी समजावले की ते तळे 1,900 मीटरहून जास्त उंचीवर आहे, भोवती डोंगर आहेत, पाण्यात होड्या आहेत. एवढ्यावर थांबायला हवे होते. पण मी पुढचे वाक्यही वाचले: तळ्याचा आकार मूत्रपिंडासारखा आहे. बाबांनी दोनदा मूतखडा सोसलाय. ते उठून सोप्यावर जाऊन बसले.

मग कालनिर्णय भिंतीवरून उतरवून टेबलावर आले.

तिथे बर्फ पडलाच तर डिसेंबर ते फेब्रुवारीत पडतो. पण डिसेंबरात गोव्यातल्या माणसाला स्वतःची खाट नसते. पुण्याचा साडू, ठाण्याची मामेबहीण, बहिणीची नणंद, नणंदेच्या ऑफिसातले दोघे ‘फक्त एक रात्र’. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की बायको तीस पोई घेते, आणि सगळे उठेपर्यंत त्यातल्या आठ उरतात. संध्याकाळी मंडळी कळंगुटहून परतते ती निम्मा किनारा अंगावर घेऊन. गेल्या वर्षी न्हाणीची मोरी तुंबली तेव्हा प्लंबरने बादलीभर वाळू काढली आणि मला गंभीरपणे विचारले, ‘बांधकाम काढलंय काय?’ जाताना प्रत्येक जण म्हणतो, ‘तुमची मजा आहे बुवा, कायम सुट्टीवरच!’

फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा आणि शिगमो, म्हणजे आमचा शिमगा. एप्रिलमध्ये जावे, तर 2025 पासून मुलाच्या वर्गाची शाळाच एप्रिलमध्ये सुरू होते. वैशाखात शिरगावला लईराईची जत्रा. धाकटा भाऊ धोंड, म्हणजे देवीचा व्रतस्थ भक्त, आहे, त्याचे व्रत म्हणजे घराचेही व्रत. उरलेल्या मेमध्ये सुट्टी खरी, पण तेव्हा अख्खी दिल्ली नैनितालच्या घाटात गाडीचे हॉर्न वाजवत उभी असते.

तरी मेवर आम्ही बरीच मजल मारली. मडगावहून निजामुद्दीन, मग जुनी दिल्ली, तिथून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस, काठगोदाम, पुढे 35 किलोमीटर घाट. आता रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. आम्ही दोन दिवस उशिरा, 58 दिवस उरल्यावर बसलो. वेटिंग लिस्टवर आमचे नंबर बघून बाबा म्हणाले, ‘मये.’

त्याच सुमारास मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात स्वेटर शोधत फिरलो. अंगाला घाम, हातात पिशवी, तोंडात ‘लोकरीचा आहे काय?’ दुकानदाराने हलक्या आवाजात विचारले, ‘घरात कुणाला बरं नाही?’ शेवटी लग्नातला स्वेटर कपाटातून निघाला. डांबरगोळ्यांचा वास, कोपरावर हिरवट बुरशी, आणि खिशात 2009 सालची बसची तिकिटे. मुलाने मात्र आजोबांची माकडटोपी घालून, पंखा बंद करून, मेच्या दुपारी पंधरा मिनिटे ‘सराव’ केला. नंतर त्याला लिंबूसरबत पाजावे लागले.

पावसाळा आईने बाद केला. 1880 साली तिथे एवढी मोठी दरड कोसळली की तिच्या मलब्यावर आज गावाचे मैदान आहे, हे मुलाने मोबाईलवरून मोठ्याने वाचले. ‘आपल्याला नको कुणाचं मैदान व्हायला,’ आई म्हणाली.

सप्टेंबरचा मुद्दा मी जपून काढला. भाद्रपदात तिथे नंदादेवीचा मेळा भरतो. केळीच्या खांबापासून नंदा-सुनंदेच्या मूर्ती घडवतात, पुजतात आणि मग तळ्यात विसर्जन करतात. आईने नीट ऐकून घेतले. ‘कधी असतं ते?’

‘अष्टमीच्या सुमारास.’

‘म्हणजे आपल्या पाच दिवसांच्या गणपतीच्या वेळीच. इथे गणपतीवर फळांची माटोळी बांधायची सोडून विसर्जन बघायला दोन हजार किलोमीटर जायचं?’

याला उत्तर नव्हते. ऑक्टोबर उरला. तेव्हा तिथे आकाश निवळते, बर्फाची शिखरे दिसतात, सगळे मलाही पाठ झाले होते. पण मुलगा आता दिवाळीसाठी नरकासुराचा पुतळा बनवणाऱ्या वाड्यावरच्या गटात होता. त्याच्याकडे डाव्या हाताचे काम होते. आमच्याऐवजी नरकासुराचा डावा हात कोण करणार?

मुदत संपायला आठ दिवस उरले तेव्हा मी रिसॉर्टला फोन लावला. पलीकडचा मॅनेजर फारच गोड माणूस. मुदत वाढवता येत नाही म्हणाला, पण गोव्याहून बोलतोय म्हटल्यावर त्याचा आवाजच बदलला. जानेवारीत त्यांच्याकडे हाडे गोठतात, गिऱ्हाईक नसते, तो बायको-मुलांना घेऊन समुद्र बघायला निघणार होता. हॉटेलांचे दर परवडत नाहीत म्हणाला. कुठला महिना बरा, जानेवारी की फेब्रुवारी?

बायको समोरून जोरजोरात मान हलवत होती. बाबाही सोप्यावरून आत डोकावले होते. पण आयुष्यभराची सवय, तोंडातून निघून गेले:

‘केव्हाही या.’