केबल नव्या, तरी इंजिन बंद का पडलं? तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही दोन स्टार दिलेत आणि तीन तक्रारी लिहिल्यात. बोटीचा वेग आणि गिअर बदलायचा लिव्हर जड झाला म्हणून केबलला तेल घालून द्या म्हटलं, तर आम्ही थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी) आणि गिअर अशा दोन्ही केबल बदलल्या. त्यानंतर बोट धक्क्याला लावताना रिव्हर्स टाकताच इंजिन बंद पडलं. शिवाय चालत्या बोटीत लिव्हर आपोआप मागे सरकतो. शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने थ्रॉटल केबलच्या टोकाचे दोन फेरे फिरवले आणि काम झालं, असंही तुम्ही म्हटलं आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीत चूक आमची आहे, पहिलीत नाही. आणि ते दोन फेरे कृपया तसेच ठेवू नका.

आधी तेलाचं. ही केबल सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखी नुसती ओढत नाही, ढकलतेही. आत जाड तार, तिच्याभोवती प्लॅस्टिकची नळी, त्यावर पोलादी तारांचं वेष्टण आणि सगळ्यात वर बाहेरचं प्लॅस्टिक. नंतर कधी तेल घालावं अशी सोयच तिच्यात नसते. बाहेरचं प्लॅस्टिक तडकलं की पाणी पोलादापर्यंत पोचतं, गंज फुगतो आणि आतली नळी तारेला आवळते. टोकातून सोडलेलं तेल टोकापाशीच राहतं. थोडे दिवस लिव्हर हलका वाटतो, मग आणखी जड होतो.

केबल खराब आहे हे आम्ही अंदाजाने ठरवलं नाही. इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटर आणि गिअरबॉक्सकडची टोकं सोडवली, तरी लिव्हर जडच होता. म्हणजे दोष त्या दोन्हींत नव्हता. मग लिव्हरच्या डब्यातली टोकं सोडवली. डबा हलका, पण थ्रॉटलची केबल हाताने ढकलताना मध्येच अडत होती, नेमकी पॅनेलमागच्या वळणावर. अशा केबलला वळणाची त्रिज्या किमान 200 मिलिमीटर लागते. जुनं वळण त्याच्या निम्म्याहून कमी होतं. गिअरची केबल सरकत होती हे तुमचं म्हणणं खरं आहे. मात्र गिअरबॉक्सजवळ तिचं प्लॅस्टिक फुगलं होतं आणि टोकाचा दांडा गंजला होता. ही केबल तुटली तर बोट ज्या गिअरमध्ये असेल त्यातच राहते, आणि ते बहुधा धक्क्यासमोरच कळतं. म्हणून ती बदलणं आम्हाला आजही योग्यच वाटतं. मात्र बदलण्यापूर्वी ती तुम्हाला दाखवायला हवी होती. दोन्ही जुन्या केबल आमच्याकडे ठेवल्या आहेत, येऊन हाताने ढकलून पाहा.

आता आमची चूक. जुनी केबल आवळलेली असल्यामुळे थ्रॉटलचा आर्म (कार्ब्युरेटरवरचा, केबल ज्याला जोडतात तो दांडा) स्लोच्या, म्हणजे लिव्हर सोडल्यावर इंजिन ज्या कमी वेगाने चालत राहतं त्या वेगाच्या, स्क्रूवर कधीच पूर्ण टेकत नव्हता. केबलच त्याला किंचित उघडा धरून होती. मग रेस कमी करण्यासाठी कुणीतरी कधीकाळी स्लोचा स्क्रू बराच मागे घेतला असणार. नवी केबल मोकळी चालते, त्यामुळे आर्म थेट त्या मागे घेतलेल्या स्क्रूवर जाऊन बसला. न्यूट्रलमध्ये इंजिन कसंबसं तग धरत होतं, रिव्हर्सचा भार आला आणि बंद पडलं. केबल बदलल्यावर गरम इंजिन गिअरमध्ये टाकून स्लो तपासणं हे कामाचाच भाग आहे. आम्ही फक्त न्यूट्रलमध्ये तपासलं.

दोन फेऱ्यांनी झालं इतकंच की आर्म पुन्हा स्क्रूपासून उचलला गेला. आता तुमचा स्लो केबलवर टांगलेला आहे. केबलमध्ये थोडी ढील असतेच, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या गिअरमध्ये रेस वेगवेगळी मिळेल. थ्रॉटल उघडा असताना गिअर पडेल, आणि दर वेळी गिअरबॉक्सला धक्का बसेल. आणि लिव्हर पूर्ण पुढे ढकलताना थ्रॉटल आधीच पूर्ण उघडेल पण लिव्हर अजून ढकलता येईल. तो जादा जोर केबलवर आणि तिच्या ब्रॅकेटवर येईल.

योग्य क्रम असा. बोट पुढे-मागे दोरांनी घट्ट बांधा, इंजिनाचं झाकण उघडा, ब्लोअर (इंजिनाच्या जागेतली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान 4 मिनिटं चालवा. थ्रॉटलची केबल कार्ब्युरेटरवरून सोडवा. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि मग केवळ स्क्रूने स्लो लावा. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच घ्या. अशा पेट्रोल इंजिनांत तो बहुधा 600 ते 700 आरपीएमच्या आसपास असतो. दोन्ही गिअर टाकून पाहा. रेस थोडी उतरेल, पण इंजिन बंद पडता कामा नये. आता इंजिन बंद करा, लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि केबल परत जोडताना तिचं टोक असं फिरवा की आर्म स्क्रूवर हलक्या दाबाने टेकेल. दाब ओळखायला मध्ये पातळ कागद घाला: ओढताना तो किंचित अडला पाहिजे, फाटता कामा नये. टोकाचे आटे दांड्यावर किमान 8 मिलिमीटर चढलेले हवेत. लॉकनट आवळा, स्प्लिट पिन नवी घाला. शेवटी लिव्हर पूर्ण पुढे ढकलून थ्रॉटलच्या झडपा पूर्ण उघडतात का ते डोळ्यांनी बघा.

त्या मेकॅनिकने गिअरच्या केबललाही हात लावला असेल तर तीही तपासावी लागेल. गिअरबॉक्सच्या आर्मखालची, त्याला जागी धरणारी गोळी न्यूट्रल, पुढे, मागे अशा तिन्ही जागी खाचेत पूर्ण बसायला हवी. अर्धवट बसली तर क्लचला पुरेसा दाब मिळत नाही. तो घसरतो आणि जळतो. हे बाहेरून ऐकूही येत नाही, म्हणून केबल आर्मला जोडणारी पिन काढून बघावं लागतं: लिव्हर आणि आर्म आपापल्या खाचेत असताना पिन जोर न लावता आत गेली पाहिजे.

लिव्हर मागे सरकण्याचं मूळही तेच. जड केबलच त्याला धरून ठेवत होती. आता कार्ब्युरेटरची स्प्रिंग त्याला ओढते. डब्यात घर्षणाचा स्क्रू असतो, तो पाव-पाव फेरा आवळून लिव्हर जागी राहीपर्यंत लावायचा. हे आमच्याकडून राहिलं.

हे सगळं आम्ही तुमच्या धक्क्यावर येऊन, तुमच्यासमोर, मजुरी न घेता करून देऊ. तोपर्यंत बोट गर्दीच्या धक्क्याला लावू नका. पावतीवरच्या नंबरवर सोयीचा दिवस कळवा. इंजिन गरम करायला अर्धा तास आणि गिअरमधली तपासणी धरून दोन तास लागतील.