डिक्री झाली म्हणून सोनं सोडायचं?

परवा मामेबहिणीचा फोन. "ताई, आता काही मिळत नाही गं, ग्रुपवर आलंय." मागच्या वर्षी तिची डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, झाली, पाटल्या आणि राणीहार अजून सासूच्या लॉकरमध्ये, आणि ही बया एक फॉरवर्ड वाचून वकिलाची अपॉइंटमेंट कॅन्सल करून मोकळी. मेसेजखाली सही काय, तर "कायदेतज्ज्ञ". नाव नाही, गाव नाही.

त्यातलं पहिलं, 'घटस्फोटात बायकोला निम्मी प्रॉपर्टी मिळते'. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात, तिथे यात तथ्य आहे, मान्य. महाराष्ट्रात असा कायदाच नाही. घटस्फोटात प्रॉपर्टीत वाटा देणारं बिल २०१३ मध्ये राज्यसभेत पास झालं, पण लोकसभेत पास झालंच नाही.

दुसरं, 'कमावत्या बाईला पोटगी शून्य'. शून्य नाही हो, कमी होऊ शकते. २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दोघांनाही पगार, कर्ज, प्रॉपर्टी ॲफिडेव्हिटवर लिहून द्यावी लागते, ते बघून कोर्ट ठरवतं.

आता ज्याने माझं डोकं फिरलं ते, 'डिक्रीनंतर काहीच मागता येत नाही, पावती नसेल तर सोनं विसरा'. अहो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये चक्क लिहिलंय की पोटगी डिक्रीच्या वेळी किंवा त्यानंतर केव्हाही मागता येते, आणि नवराही मागू शकतो. हां, म्युच्युअलमध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीने झालेल्या घटस्फोटात, एकरकमी पैसे घेऊन 'यापुढे काही मागणार नाही' असं लिहून दिलं असेल तर अवघड आहे, तेवढं खरं. हिने तसलं काही लिहून दिलेलं नाही.

आणि सोनं तर स्त्रीधन, तिचं एकटीचं. केरळची एक केस आहे, लग्नाच्या पहिल्याच रात्री नवऱ्याने बायकोचे सगळे दागिने 'सांभाळून ठेवतो' म्हणून घेतले आणि आईकडे दिले, ८९ पवन, म्हणजे ७०० ग्रॅमच्या वर. २०११ मध्ये फॅमिली कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला, हायकोर्टाने फिरवला, शेवटी २४ एप्रिल २०२४ ला सुप्रीम कोर्टाने नवऱ्याला २५ लाख द्यायला लावले. वर हेही सांगितलं की असल्या दाव्यात फौजदारी खटल्यासारखा पक्का पुरावा मागायचा नसतो, कोणाचं म्हणणं जास्त पटतं ते बघायचं.

हे सगळं फोनवर वाचून दाखवलं तेव्हा कुठे तिने लग्नाचा आल्बम काढला. राणीहार स्पष्ट दिसतोय. पाटल्यांचा हात नेमका शालूच्या पदराखाली गेलाय, म्हणून मामी सोनाराकडे जुनी वही बघायला गेलीये.