खिचडी, बशी आणि लकडी पुलावरचा जकात नाका

काका, नमस्कार.

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. त्यात पुण्याच्या लकडी पुलावर परमुलखातले पदार्थ अडवणारा कल्पनेतला जकात नाका उभा करून मी संकष्टीच्या ताटाची झडती घेतली, ती तुम्हाला उपासाची टिंगल वाटली. शिवाय फुरके मारत शेवया खाणारा जपानी पाहुणा आणि बशीतून चहा पिणारे आजोबा एका पंगतीला बसवून दोघांनाही अडाणी ठरवलं, असं तुमचं म्हणणं. 'अन्न हे पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरात वाढलात ना?' असंही विचारलंत.

त्याच घरात वाढलो, काका. माझी आजी चंद्रोदय झाल्याशिवाय संकष्टी सोडायची नाही. दुपारी तिच्या हातची खिचडी असायची. त्या खिचडीत काय काय होतं बघा. ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, सोबतीला रताळं. ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळात समुद्र ओलांडून आलेली. आणि हजारो वर्षं या मातीत पिकणारा गहू मात्र उपासाला चालत नाही! म्हणून माझ्या नाक्यावर सगळं ताट अडकतं आणि तुपाची वाटी तेवढी सुटते. परक्या मुलखातला बटाटा आजीने इतका आपलासा केला की तो थेट देवाच्या नैवेद्याला जाऊन बसला. मला याचं फार अप्रूप वाटतं. मी हसलो ते 'आमचं तेवढं शुद्ध, बाकीच्यांचं विचित्र' म्हणणाऱ्या नाकेदाराला.

बशीचं म्हणाल, तर अठराव्या शतकात इंग्रजही चहा बशीत ओतून पीत. पुढे त्यांच्याकडे ते गावंढळ ठरलं आणि इराण्याच्या हॉटेलात आपले आजोबा निवांत फुंकर मारत राहिले. काट्याचमच्याचा तोरा तरी किती जुना? थॉमस कोर्याट नावाचा इंग्रज १६०८ साली इटलीत फिरला, काट्याने खायला शिकून घरी परतला, तर त्याच्याच लोकांनी त्याची थट्टा केली. जपानात भाताचा वाडगा हातात उचलून खाणं हीच रीत, खाली ठेवून त्यावर वाकलात तर कुत्र्यासारखं खाल्लं म्हणतात. शेजारच्या कोरियात तोच वाडगा उचलला तर वडीलधारे डोळे वटारतील. जपानी पाहुणा आणि आजोबा या दोघांना एका पंगतीला बसवल्याशिवाय यातली गंमत दिसतच नाही. म्हणून ती पंगत मी काढणार नाही.

एक मात्र तुमचं अगदी बरोबर आहे. जपानी पाहुण्याचा नुसता आवाज लिहिला, कारण लिहिलं नाही. कढत शेवया हवेसकट ओढल्या की तोंड भाजत नाही आणि वास नाकापर्यंत पोचतो. आजोबांच्या फुरक्यातही हेच होतं. तेवढा परिच्छेद आज रात्री बदलतो.