गुटमनचा शाप आणि फॉरवर्डवाल्यांचं ज्ञान

रविवारी सकाळी भाच्याने तो मेसेज मला पाठवला. पोरगा पंधरा वर्षांचा, कोल्हापुरात फुटबॉल खेळतो, लेफ्ट बॅकला; आदल्याच दिवशी टायब्रेकरमध्ये पेनल्टी बाहेर मारून आलेला. खाली लिहिलं होतं, "मामा, मी सरांना उलटून बोललो होतो. त्यामुळे झालं असेल का?" डोकंच फिरलं माझं.

मेसेज तुमच्यापर्यंतही आला असेल. त्यात म्हटलंय: बेला गुटमन हा हंगेरीचा पैशाला हपापलेला ज्यू कोच. महायुद्ध त्याने स्वित्झर्लंडमध्ये आरामात काढलं. ४-२-४ ही (चार बचावपटू, दोन मधले, चार आक्रमक) रचना शोधून ब्राझीलला विश्वविजेता केलं. १९६२ मध्ये लिस्बनच्या बेन्फिका या पोर्तुगीज क्लबाने पैसे वाढवून दिले नाहीत म्हणून शंभर वर्षांचा शाप दिला. तेव्हापासून क्लबला एकही करंडक नाही. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि "गुरूचा तळतळाट घेऊ नका".

आधी ते स्वित्झर्लंड. शाप वगैरे मी हसून सोडून दिलं असतं, हे नाही सोडणार. डेव्हिड बोल्चोव्हर यांनी २०१७ साली गुटमनचं चरित्र लिहिलं, त्यात ही थाप पार उघडी पडली आहे. १९३९ मध्ये या माणसाने बुडापेस्टजवळच्या उइपेश्तच्या संघाला हंगेरीची लीग आणि मित्रोपा कप (मध्य युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) जिंकून दिला. पाच वर्षांनी तोच माणूस त्याच उइपेश्तमध्ये एका माळ्यावर जीव मुठीत धरून लपला होता. पुढे वेठबिगारीच्या छावणीत गेला आणि डिसेंबर १९४४ मध्ये तिथून पळाला. सोबत होता एर्नो एर्बस्टाइन, पुढे इटलीतल्या तोरिनो क्लबाचा महान संघ घडवणारा. गुटमनचे वडील आणि बहीण नाझींच्या हत्याकांडात गेले. हे आरामात? आता तो स्वतः या काळाबद्दल तोंड उघडायचा नाही, हे खरं. पण माणूस गप्प राहिला म्हणून त्याला स्वित्झर्लंडला नेऊन बसवायचं? आणि वर "पैशाला हपापलेला ज्यू". हा शब्दप्रयोग कुठल्या गटारातून आलाय, ते फॉरवर्ड करणाऱ्यांना माहीत तरी आहे का?

४-२-४ चं अर्धं खरं आहे, देऊन टाकतो. १९५७ मध्ये त्याने ब्राझीलच्या साओ पावलो क्लबाला राज्य विजेतेपद मिळवून दिलं, आणि १९५८ च्या विश्वविजेत्या ब्राझीलचा कोच व्हिसेंते फिओला त्याच क्लबातला. प्रभाव होता. पण ती रचना ब्राझीलमध्ये आधीपासून खेळली जात होती.

एकही करंडक नाही? गुटमन गेल्यावर लगोलग १९६३, ६४ आणि ६५ अशा सलग तीन पोर्तुगीज लीग बेन्फिकाने जिंकल्या. पुढचं मोजत बसत नाही.

राहिला शाप. पैशांवरून बिनसलं होतं, मान्य. १९६१ आणि ६२ असे लागोपाठ दोन युरोपियन कप देणाऱ्याने जास्त मागितले तर त्यात पाप काय? त्यानंतर युरोपातल्या आठ फायनल बेन्फिका हरली, हेही मान्य. पण शाप देणारा हा बाबा १९६५ मध्ये त्याच क्लबात पुन्हा कोच म्हणून आला! त्या हंगामात मँचेस्टर युनायटेडने लिस्बनमध्ये येऊन ५-१ धुतलं. म्हणजे स्वतःच्याच शापात सापडला म्हणायचं?

आणि हरलेल्या फायनल जरा नीट बघा. १९६५ ची फायनल होती मिलानच्या सान सिरोवर, म्हणजे प्रतिस्पर्धी इंटरच्या घरच्याच मैदानावर. धो धो पाऊस. इंटरच्या जाइरचा फटका तसा साधाच, पण ओला चेंडू गोलकीपर कोश्ता परेराच्या हातापायांतून निसटून आत गेला. दुसऱ्या हाफमध्ये तोच गोलकीपर जखमी. तेव्हा बदली खेळाडू घेता येत नसे, म्हणून जेर्मानो हा डिफेंडर गोलमध्ये उभा राहिला आणि बाकीचा वेळ दहा जण खेळले. तरी फक्त १-० ने हरले. १९६८ ला समोर मँचेस्टर युनायटेड आणि मैदान इंग्लंडमधलंच, वेम्बली. यात तळतळाट कुठून आला?

भाच्याला फोन करून एवढंच विचारलं, मारताना पाय कसा पडला? थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, "घसरला. बुटाचे स्टड झिजलेत मामा, महिनाभर आईला सांगतोय."