उजळणीने मूल यंत्र होत नाही

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच असतो: मुलांना पाढे पाठ करायला लावू नका, कविता घोकून घेऊ नका, एकाच प्रकारची गणितं पुन्हा पुन्हा सोडवून घेऊ नका. कारणं अशी दिलेली असतात: आइन्स्टाइनसुद्धा काही पाठ करत नसे. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करून वेगळ्या निकालाची अपेक्षा ठेवणं म्हणजे वेडेपणा, हेही त्याचंच वाक्य. एकदा समजलं की परत करायची गरज नसते. तेच तेच केल्याने कल्पकता मरते. आणि तसलं काम आता यंत्रंच करणार आहेत. शेवटी आवाहन असतं की 21 दिवस पाठांतर बंद ठेवा आणि मुलांतला फरक बघा.

मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. हा मेसेज मला दर वर्षी कुणी ना कुणी पालक पाठवतात, आणि त्यांची कळकळ खरी असते. त्यांच्यातल्या अनेकांनी छडीच्या धाकाने पाढे म्हटलेले आहेत. ते आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये असं त्यांना वाटतं, आणि मलाही तसंच वाटतं. पण या मेसेजपायी मुलांच्या हातून काय निसटतंय, ते मी वर्गात रोज बघते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आइन्स्टाइनचा किस्सा खरा आहे, पण अर्धा सांगितलेला. 1921 साली तो अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. थॉमस एडिसन तेव्हा नोकरीसाठी येणाऱ्या पदवीधरांची माहितीच्या प्रश्नांची एक लांबलचक परीक्षा घेत असे आणि वर्तमानपत्रांत तिची बरीच चर्चा चालू होती. बॉस्टनमध्ये आइन्स्टाइनला त्यातलाच ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला गेला. पुस्तकात सहज मिळणारी माहिती मी डोक्यात वागवत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. मेसेज इथेच थांबतो. बारा ते सोळा या वयात आपण कॅल्क्युलससकट गणिताचा पाया पक्का केला, हे त्याच आइन्स्टाइनने पुढे आत्मचरित्रपर टिपणात लिहून ठेवलं आहे. एखादा आकडा आठवत नसणं वेगळं आणि हातात गणित बसलेलं नसणं वेगळं. आपल्या सहावीतल्या मुलाला ध्वनीचा वेग नाही आला तरी काही बिघडत नाही. सात आठे छप्पन्न नाही आलं तर पुढच्या प्रत्येक पायरीवर बिघडतं.

वेडेपणाचं ते वाक्य आइन्स्टाइनने कुठे लिहिल्याचा किंवा बोलल्याचा पुरावा नाही. छापील स्वरूपात ते 1981 च्या सुमारास, त्याच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी, अमेरिकेतल्या व्यसनमुक्ती गटांच्या साहित्यात आढळतं. व्यसनी माणसाला उद्देशून ते योग्यही असेल. पण खुद्द आइन्स्टाइनचं काम बघा. 1912-13 मध्ये झुरिकला असताना गुरुत्वाकर्षणाची समीकरणं शोधताना त्याने भरलेली वही उपलब्ध आहे. त्या वहीत तो बरोबर समीकरणांच्या अगदी जवळ पोचला होता, आणि ती चुकीची समजून त्याने सोडून दिली. पुढची दोन-तीन वर्षं तो त्याच प्रश्नाशी झगडत राहिला. नोव्हेंबर 1915 मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीत त्याने चार आठवड्यांत चार निबंध सादर केले. पुढच्या आठवड्यात मागच्या आठवड्याची दुरुस्ती, असं चालू होतं. 25 नोव्हेंबरला अंतिम समीकरणं मांडली गेली. प्रश्न तोच, माणूस तोच, आणि निकाल वेगळा, कारण प्रत्येक वेळी आधीची चूक समोर ठेवून तो परत बसत होता.

आता तिसरा मुद्दा, "समजलं की पुन्हा करायची गरज नाही." हा सगळ्यांना चटकन पटतो आणि सर्वांत जास्त नुकसानही हाच करतो, म्हणून त्यावर जरा थांबते.

सहावीतल्या एका मुलीसमोर 5/12 + 7/18 हे गणित आहे. छेद वेगळे आहेत, ते आधी समान करायचे, हे तिला समजलेलं आहे. का करायचे तेही ती पोळीचं चित्र काढून नीट सांगते. आता लसावि काढायचा. बाराचा पाढा येत नाही, म्हणून बोटांवर सुरू होतं: बारा, चोवीस, छत्तीस. मग अठराकडे वळते. अठरा अधिक अठरा करताना हातचा राहतो आणि सव्वीस येतात. ते छत्तीसशी जुळत नाहीत, म्हणून ती पुढे चव्वेचाळीसवर जाते. तेही बाराच्या पाढ्यात बसत नाहीत. खोडरबर, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी छत्तीस हाती लागतात तेव्हा ती मान वर करून विचारते, "बाई, आता ह्याचं काय करायचं होतं?" शेजारच्या मुलाला बारा त्रिक छत्तीस आणि अठरा दुणे छत्तीस हे शोधावंच लागत नाही. त्याचं 15/36 + 14/36 मांडून होतं, 29/36 लिहून होतं, आणि ह्याला अजून संक्षिप्त रूप देता येईल का यावर तो विचार करत बसलेला असतो. मेसेजच्या भाषेत हा मुलगा घोकंपट्टीवाला आणि ती मुलगी समजून शिकणारी. प्रत्यक्षात विचार करायला मोकळा वेळ कोणाला मिळाला?

कारण साधं आहे. माणूस एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकतो. मानसशास्त्रज्ञ आता साधारण चार म्हणतात. त्यातल्या तीन जागा बेरजेने अडवल्या तर गणित कशाबद्दल होतं हेच सुटून जातं. जे वारंवार करून अंगवळणी पडलंय ते या जागा अडवत नाही. बुद्धिबळात हे फार स्वच्छ दिसलं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळाडूंना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला. निष्णात खेळाडूने जवळपास सोळा मोहरी बरोबर जागी ठेवली, नवख्याला चारेक जमली. मग मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली, आणि निष्णात खेळाडूचा वरचष्मा नाहीसा झाला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती मुळात दांडगी नव्हती. हजारो डाव बघून आणि खेळून तशा रचना त्याच्या ओळखीच्या झाल्या होत्या.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. आपल्याकडे उजळणीच्या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंचसं खरोखर वाया जातं. धडा चार वेळा नुसता वाचला की आल्यासारखा वाटतो आणि आठवड्यात उडून जातो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा चार बैठकांत वाचतच काढला. काहींनी एका बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत मजकूर न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61. दोन्हीकडे पुनरावृत्तीच होती. अंतर ठेवून केलेली उजळणी एका दमात केलेल्या घोकण्यापेक्षा टिकते, हे तर हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. तेव्हा भांडायचं असेल तर शाळेत उजळणी कशी घेतात यावर आपण जरूर भांडू.

आणि समज आधी, सराव नंतर, असा क्रम नेहमी नसतोच. नवाचा पाढा वर्गात बरेच दिवस म्हणून झाला की कुणीतरी मध्येच ओरडतं, "बाई, एकक एकेकाने उतरतोय आणि दशक चढतोय!" मी फळ्यावर नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस एकाखाली एक लिहिते आणि असं का होतं विचारते. नऊ मिळवणं म्हणजे दहा मिळवून एक काढणं, हे मुलंच शोधून काढतात. पाढा तोंडात नसता तर एवढे आकडे एकदम नजरेसमोर आलेच नसते आणि प्रश्नही पडला नसता.

कल्पकता मरते म्हणणाऱ्यांना मी कुठल्याही तबल्याच्या क्लासमध्ये तासभर बसायला सांगेन. मी शाळेत असताना काही वर्षं शिकले. दिल्ली घराण्याचा एक कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची पक्की रचना, जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी वाजवतो: धा धा तिट धा धा तूना, ता ता तिट धा धा धीना. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला डाव्याचा घुमारा काढून घेतलेला असतो आणि शेवटी तूनाच्या जागी धीना येतो, तेवढाच फरक. आधी बराबरीत, मग दुगुनीत, मग चौगुनीत, हात दुखेपर्यंत. पहिल्यांदा तिट दबतं, ते सुटं वाजायला लागलं की तूना मागे पडतो. मग पलटे सुरू होतात आणि त्यांचा नियम कडक आहे: कायद्यात नसलेला एकही बोल बाहेरून आणायचा नाही. धा धा तिट तीनदा घेऊन मग धा धा तूना, किंवा तिट पुढे आणून धा मागे, असं त्याच मूठभर बोलांतून पुढचा विस्तार करायचा. ज्याचा मूळ कायदा हातात मुरलेला नाही त्याला पलटा सुचत नाही, आणि सुचला तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तो अडखळतो. मैफलीत उत्स्फूर्त वाटतं ते या तासांतून आलेलं असतं. ख्यालातही बंदिश दोन-चार ओळींची असते. गायक तिचा मुखडा घेऊन पुन्हा पुन्हा समेवर येतो आणि प्रत्येक खेपेला राग थोडा अधिक उलगडतो. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात पुणेकर थंडीत बसून तेच राग वर्षानुवर्षं ऐकतात. ते कंटाळलेले मी पाहिलेले नाहीत.

राहिला तेच तेच काम यंत्रं करणार, हा मुद्दा. इथे पालकांची भीती मला सर्वांत जास्त समजते. माझ्या वर्गातल्या अनेक मुलांचे वडील भोसरी-चाकणच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करतात. अॅडम स्मिथने 1776 मध्येच लिहिलं होतं की आयुष्यभर दोन-चार सोप्या क्रिया करत राहणाऱ्या माणसाची बुद्धी बोथट होत जाते. टार्गेटच्या दडपणाखाली, मान वर न करता, एकच हालचाल दिवसभर करणं अंगाला आणि मनाला मारकच आहे. तिथे कामाची अदलाबदल हवी, विश्रांती हवी, त्यासाठी आग्रह धरायलाच हवा. पण त्याच कारखान्यात लेथवर वर्षं काढलेला माणूस नुसत्या आवाजावरून सांगतो की इन्सर्ट (धातू कापणारं पातं) झिजलाय, आता जॉब (घडवायचा भाग) साइजच्या बाहेर जाईल. हा कान त्याला वारंवार केलेल्या कामानेच दिला, कारण प्रत्येक जॉब मोजून बघायची आणि मशीन थांबवून दुरुस्ती करायची मुभा त्याला होती. ती मुभा काढून घेतली की मागे नुसता शीण उरतो.

याहून मोठं उदाहरण पुण्यातच, लॉ कॉलेज रोडलगत आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे पोथ्या ताडून सर्वांत जुना पाठ ठरवणारी आवृत्ती, 1919 मध्ये हाती घेतली आणि ती पूर्ण झाली 1966 मध्ये. ठिकठिकाणांहून आलेल्या 1,259 हस्तलिखितांचा त्यासाठी उपयोग झाला. काम काय होतं? एक श्लोक घ्यायचा, एकेक पोथी बघायची, कुठे अक्षर वेगळं आहे ते नोंदवायचं, मग पुढचा श्लोक. 1925 पासून मुख्य संपादक असलेले विष्णु सीताराम सुखठणकर 1943 मध्ये गेले आणि त्यांच्यामागे इतरांनी ते पुढे नेलं. इतकं एकसुरी काम मेसेज लिहिणाऱ्याला यंत्राचंच वाटेल. पण त्यातूनच उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या पोथ्यांच्या परंपरा कशा वेगळ्या होत गेल्या ते स्पष्ट झालं. व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय ही आपल्या घराघरांत सांगितली जाणारी कथा मूळ संहितेत धरता येत नाही, ती नंतरची भर आहे, हेही ठरलं. चिकित्सक आवृत्तीत ती परिशिष्टात आहे. उद्या अक्षरं जुळवून देण्याचं काम संगणकाने केलं तरी कुठला पाठ जुना आणि कुठला नंतर घुसवलेला हे ठरवायला नजर लागते, आणि ती पोथ्यांमागून पोथ्या वाचूनच तयार होते.

21 दिवसांचा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून निघाला. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान तेवढे दिवस लागतात, हे त्याचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी नव्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या तेव्हा सरासरी 66 दिवस निघाले, आणि माणसागणिक ते 18 पासून 254 पर्यंत होते.

तेव्हा 21 दिवस पाठांतर बंद ठेवण्याऐवजी एवढं करून बघा. रात्री जेवणं झाली की पाच-सात मिनिटं, त्याहून जास्त नको. पाढा ओळीने म्हणून घेऊ नका, मधूनच विचारा: आठ सत्ते? बारा पंचे? अठ्ठेचाळीस कुठल्या कुठल्या पाढ्यात येतात? वही मिटलेली असू द्या आणि उत्तर यायला वेळ द्या. चुकलं तर लगेच दुरुस्त करा, पण रागावू नका, आणि तेच थोड्या वेळाने पुन्हा विचारा. आज पक्का झालेला पाढा उद्या नको, दोन दिवसांनी घ्या, मग आठवड्याने. मूल कंटाळलं तर त्या दिवशी तिथेच थांबा. आणि मुलाला उलट तुम्हालाही विचारू द्या. तेराचा आणि सतराचा पाढा आपल्यापैकी बऱ्याच जणांना आता येत नाही.